अर्ध्या गुलाबी गोळीचं नाव

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळचे सात. ओट्यावर स्टीलचं ताट, ताटात चौदा अर्ध्या गुलाबी गोळ्या, आणि तांदूळ निवडावेत तशा मी त्या निवडते आहे. चष्मा दोनदा पुसून झाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भात खाली लागला.

हे काम तुम्ही ठेवून गेलात, डॉक्टर, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

काल तुमचं तेरावं झालं. सिडकोतली निम्मी वस्ती लोटली होती. जो तो एकच सांगत होता, "नुसता हात धरला तरी बरं वाटायचं." मी पानावर बसले आणि जिलबी वाढून घेतली. मला जे विचारायचं होतं ते तेराव्याच्या पंगतीत विचारण्यासारखं नव्हतं. माझ्या सासूबाई नऊ वर्षं रोज सकाळी जी अर्धी गुलाबी गोळी घेतात तिचं नाव काय, एवढंच. ते नाव ज्या माणसाला माहीत होतं त्याच्या फोटोला हार घातलेला होता.

मी अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. तुम्ही त्यावरूनच मला हाक मारायचात, "या, स्टोअरवाल्या मॅडम." माझ्याकडे नट, बोल्ट, वॉशर, ऑइल सील मिळून काही हजार प्रकारचा माल आहे. प्रत्येकाला खण, प्रत्येक खणाला कार्ड. मी उद्या कामावर गेले नाही तरी कुणीही येऊन हवी ती वस्तू काढू शकेल, इतपत काम मी करून ठेवलेलं आहे. आणि तुम्ही? पांढऱ्या कागदाच्या चौकोनी पुड्या. त्यांवर पेनानं मारलेल्या रेघा, एक रेघ सकाळची, दोन दुपारची, तीन रात्रीची. नाव नाही, गाव नाही.

"डॉक्टर, गोळीचं नाव लिहून द्या."

"नाव कळून काय करणार तुम्ही?"

"उद्या काही अडलं तर?"

"काय अडतंय? मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मी बारा वर्षं ऐकलं. एक माणूस रजेवर गेला म्हणून आमच्याकडे मशीन बंद पडलं, तर आम्ही त्या माणसाला शिव्या घालतो. तुम्हाला लोक हार घालतात. असो.

हायवेच्या कडेला ते काचेचं क्लिनिक झालं, अपॉइंटमेंट न घेता कधीही जा असलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एका रविवारी तुमचा दवाखाना बंद होता आणि मला खोकला होता. गेले. टोकन मिळालं, बारा मिनिटांत बाहेर. हातात छापील कागद. त्यावर माझं नाव, वय, वजन, गोळीचं नाव, किती दिवस, कशासाठी, सगळं. तो कागद मी घरी आल्यावर चक्क दोनदा वाचला. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण सिडकोत बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"काय, हॉटेलात जेवून आलात म्हणे," तुम्ही भरल्या दवाखान्यात म्हणालात.

"हॉटेलात निदान मेन्यूकार्ड असतं," मी म्हटलं.

सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण लगेच म्हणालात, "घरच्या जेवणाला कुणी मेन्यूकार्ड मागतं का?" आणि पुढच्या पेशंटला आत घेतलंत. शेवटचा शब्द नेहमी तुमचाच. दुसऱ्याला बोलायची संधी न देता नाडी धरायची ही तुमची जुनी खोड.

आता थायरॉइडचंही सांगून टाकते, कारण ते मी तुमच्यासमोर तोंडानं कधी कबूल केलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी आईंच्या पुड्या न्यायला आले होते. घाईत होते, बाहेर गाडी चालूच ठेवली होती. तुम्ही पुड्या हातात घेतल्यात आणि माझ्याकडे बघत बसलात.

"मान वर करा."

"मला काही झालेलं नाही. पुड्या द्या."

"मॅडम, मान वर करा आणि गिळा."

तुम्ही तपासण्या करायला लावल्यात, निदान बरोबर निघालं. चार महिने मी जे अंग जड झालं, केस गळले, वय झालं म्हणून धकवत होते त्याला नाव होतं आणि ते तुम्ही टेबलापलीकडून ओळखलं होतंत. मी आभार मानायला हवे होते. मी काय म्हटलं? "रिपोर्टची झेरॉक्स मला द्या, तुमच्याकडे ठेवू नका." तुम्ही दिलीत. तुमच्या दवाखान्यातून बाहेर पडलेला तो एकमेव कागद असावा.

आणि तीन नोव्हेंबरचा सोमवार. ती आपली शेवटची भेट हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नेहमीसारखीच झाली. आईंच्या पंधरा दिवसांच्या पुड्या घेतल्या आणि मी परत तोच विषय काढला. बाहेर पाच-सहा जण होते, दार उघडंच होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे." माझा आवाज चढला होता, कबूल आहे.

त्या दिवशी पहिल्यांदाच तुम्ही नीट उत्तर दिलंत. "लिहून दिलं की तुम्ही दुकानातून आणता आणि वर्षभर खात बसता. मला तोंड दाखवत नाही. मी औषध द्यायला कुठं बोलावतो? बघायला बोलावतो. पुड्या संपल्या की माणूस येतो, आला की दिसतो."

हे मला थायरॉइडच्या वेळीच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, "बघा की. बघून झाल्यावर लिहायला हात दुखतो का?"

तुम्ही म्हणालात, "बघू पुढच्या वेळी."

बुधवारी पहाटे तुम्ही गेलात. हार्ट.

तुमचा मुलगा पुण्याहून आला. त्यानं दहाव्या दिवसाच्या आत दवाखाना रिकामा केला, औषधं नियमाप्रमाणे परत पाठवली, बरण्यासुद्धा. त्यानं काही चूक केली असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं. फक्त त्या बरण्यांबरोबर आमचं सगळ्यांचं काय काय गेलं हे त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं.

मी गुरुवारीच आईंना म्हटलं होतं, "चला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ."

आई म्हणाल्या, "संगीता, अगं त्यांची राख तरी निवू दे. तेरावं होईस्तोवर मी दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढायची नाही."

"आई, ते आपले नातेवाईक होते का? सुतक कसलं धरताय?"

"तुला नाही कळायचं. तू हॉटेलात जाणारी."

तुमचं वाक्य बरं लक्षात ठेवलं होतं त्यांनी! पुड्या होत्या अजून, म्हणून मीही जोर केला नाही. ती माझी चूक. पुढची चूक त्यांची आणि शेजारच्या निकम काकूंची. निकम काकू म्हणजे सटाण्याकडच्या, आमच्या भिंतीला भिंत. त्याही तुमच्याच पेशंट. त्यांचीही एक गोळी अर्धी गुलाबी. दोघींनी गॅलरीत बसून ठरवलं, की डॉक्टर आता परत देणार नाहीत, तेव्हा आहेत त्या गोळ्या पुरवून खाव्यात, एक दिवसाआड. आणि तुमच्या किती, माझ्या किती हा घोळ नको, म्हणून दोघींनी पुड्या उलगडून गोळ्या एका डबीत ओतल्या.

मी नंतर विचारलं, "काकू, असं कसं केलंत?"

"काय झालं त्याला? एकाच डॉक्टरची गोळी हाय ती. रंग बी एकच. त्यांच्या हातची गोळी कुणाला बाधली नाय कधी."

बाधली. शनिवारी एकादशी होती. आईंनी सकाळी डबीतली गोळी घेतली आणि उपास धरला. अकराच्या सुमारास त्या देवघरासमोर बसल्या जागी घामानं भिजल्या, हात थरथरायला लागले, मला ओळखेनात. मी त्यांना रिक्षात घातलं आणि काचेच्या क्लिनिकला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं चटचटीत. तिनं आधी बोटाला सुई टोचली. साखर भलतीच खाली गेलेली. सलाईनमधून ग्लुकोज दिलं. वीस मिनिटांत आईंनी डोळे उघडून विचारलं, "उपास मोडला का गं?"

"कोणत्या गोळ्या चालू आहेत आजींना?" त्या मुलीनं विचारलं.

मी तिला काय सांगितलं असेल, डॉक्टर? साडेतीन हजार वस्तूंचं कार्ड ठेवणारी मी म्हटलं, "एक पांढरी, एक पिवळी लांबट आणि एक अर्धी गुलाबी."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, ती फक्त दमलेली होती. बहुधा त्या आठवड्यात हे ऐकवणारी मी पहिली नव्हते. मी डबीची गोष्ट सांगितल्यावर तिनं डबी मागवून घेतली, उघडून बघितली आणि परत देत म्हणाली, "यातली एखादी साखरेची असणार. आजींच्या पोटात ती गेली, वर उपास. ही डबी आता कुणीही उघडायची नाही." निकम काकूंची साखर त्याच दुपारी तपासली तर उलट वाढलेली. त्यांच्या वाट्याला आईंची गोळी येत होती.

मला कागद मिळाला. छापील, नीट. त्या गडबडीत मी तो न वाचताच फाइलला लावला. इथवर मी जिंकत होते असं मला वाटत होतं.

काल संध्याकाळी, तेराव्याहून आल्यावर, फेरतपासणीला गेलो. डबी बंद केल्यापासून आईंच्या छातीत धडधडत होतं. या वेळी दुसरे डॉक्टर होते, एक गृहस्थ. त्यांनी आईंकडे न बघता स्क्रीनकडे बघितलं.

"शुगर आहे ना आजींना? गोड पूर्ण बंद."

"नाहीये शुगर," मी म्हटलं. "चुकून शेजारणीची गोळी खाल्ली होती."

"इथं मधुमेह लिहिलंय. शुगरची गोळी चालू, साखर उतरल्यामुळे आणलं."

"तीच तर चूक झाली होती."

"मॅडम, सिस्टीममध्ये तसं आहे. ज्यांनी एन्ट्री केली त्यांनाच बदलता येईल. आणि धडधडतंय म्हणताहेत ना, त्यासाठी हार्टच्या डॉक्टरांना दाखवा, चिठ्ठी देतो. आधीची कुठली गोळी होती त्याचं नाव आणा, मग बघता येईल."

परत नाव. आई त्या गृहस्थांना म्हणाल्या, "मी दुपारीच आमच्या डॉक्टरांच्या तेराव्याला दोन जिलब्या खाल्ल्या." त्यांना त्यातलं काहीच कळलं नाही. बाहेर आल्यावर आई मला म्हणाल्या, "बघ. तुझ्या कागदावर लिहिलेलं आहे, मला साखर आहे." आणि रिक्षाला हात केला. 

तुम्ही असता तर नुसतं हसला असतात. त्याचाच राग येतो मला.

कागद चुकला म्हणून तुमच्या पुड्या बरोबर ठरत नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही एक नाव लिहिलं असतंत तर आईंची साखर उतरली नसती आणि त्या मुलीला, डबीची गोष्ट कळायच्या आधी, अंदाजानं काही टाईप करावं लागलं नसतं. पण हेही खरं, की तुमच्यासमोर आई नुसत्या येऊन बसल्या असत्या तरी तुम्ही विचारलं असतंत, "काय वो, काय वेगळं खाल्लं?" दोन्ही खरं आहे आणि मला त्याचं काही करता येत नाही. बाजू कशाची घ्यायची ते कळत नाही, म्हणून चिडचिड होते.

आज कारखान्यातून परस्पर तुमच्या दवाखान्यावर गेले. रशीदभाईंना फोन करून बोलावलं होतं. तीस वर्षं तुमच्या पुड्या बांधणारा माणूस, त्याला तरी माहीत असणार. घरमालकानं शटर उघडून दिलं. आत काहीच नव्हतं, भिंतीवर फळ्यांच्या खुणा फक्त.

"रशीदभाई, आमच्या आईंची अर्धी गुलाबी. नाव सांगा."

"ताई, खुदा की कसम, नाव मला कधी लागलंच नाही. मला जागा माहीत." ते भिंतीपाशी गेले आणि हात वर करून म्हणाले, "ही इथं. वरून दुसरी फळी, खिडकीकडून तिसरी बरणी. डॉक्टर नुसतं म्हणायचे, आईंची दे, मी द्यायचो."

"आणि निकम काकूंची?"

"ती खालच्या फळीवर, दाराकडून."

बरण्या गेल्या, फळ्या गेल्या, आणि हा भला माणूस मला रिकाम्या भिंतीवर औषधं दाखवत होता. मला इतका संताप आला की मी डोकं धरून पायरीवर बसले. रशीदभाई शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "ताई, पण एक आहे. आईंची गोळी कडक. तिला मधे चीर नाही. ती मी ब्लेडनं कापायचो, एक बाजू खरबरीत व्हायची, थोडा चुरा पडायचा. निकमताईंची चिरेवर टक्कन तुटायची, साफ. आणि आईंची धडधडीची आहे. एवढं डॉक्टर म्हणायचे. धडधडीची आहे, एकदम बंद नको करू देऊ."

एवढं कळायला मला रिकाम्या खोलीत यावं लागलं.

निघताना ते म्हणाले, "त्या सोमवारी तुम्ही गेल्यावर डॉक्टर हसत होते. म्हणाले, रशीद, एक वही आण, या बाई ऐकणार नाहीत. मी म्हटलं, उद्या आणतो."

"आणली?"

"मंगळवारी दुकान बंद होतं."

मी शटर ओढून घेतलं. पण आता ताटाशी बसल्यावर तो सोमवार सारखा समोर येतो आहे. त्या दिवशी तुम्ही खुर्चीत तिरके बसला होतात. डावा दंड उजव्या हातानं दाबत होतात. मी बोलत असताना रशीदभाईंनी दोनदा पाणी आणून दिलं. नोव्हेंबरची हवा, सकाळी इथं स्वेटर लागतो, आणि तुमच्या कपाळावर घाम होता. हे सगळं मी बघितलं होतं, कारण आता मला ते जसंच्या तसं आठवतं आहे. तुम्ही टेबलापलीकडून माझी मान ओळखलीत. मी त्याच टेबलापलीकडून तुमच्याकडे बघत होते आणि पुडीवर नाव का नाही म्हणून ओरडत होते. बाहेर बसलेल्या पाच-सहा जणांतल्या कुणीही, डॉक्टर, तुम्हाला काय होतंय, असं विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, डॉक्टरला काय होणार.

तुम्हालाही तसंच वाटत असावं. तुम्ही स्वतःला कुणाला दाखवलं होतंत? फॅमिली डॉक्टरचा फॅमिली डॉक्टर कोण असतो, हे विचारायचं राहून गेलं.

ताट झालं. आठ गोळ्यांची कड साफ, त्या काकूंच्या. पाचांची खरबरीत, त्या आईंच्या. एकीचा चुरा झालाय, तिचं काही सांगता येत नाही, ती वेगळी. तीन पिशव्या, तीन चिठ्ठ्या. जे कळलं तेवढंच लिहिलं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार. रात्र. सकाळी कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईंना घेऊन काचेच्या क्लिनिकला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "टोकन घ्या, आत्ता डॉक्टर फ्री आहेत."

"शनिवारी ज्या मॅडम होत्या त्या हव्यात."

"कुणीही चालतं मॅडम, रेकॉर्ड सगळीकडे दिसतं."

"म्हणूनच त्या हव्यात. रेकॉर्ड त्यांनी केलंय, त्यांनाच बदलता येतं म्हणे."

"त्या साडेदहाला येतात. दीड तास आहे अजून."

"आम्ही बसतो."

आईंनी माझ्याकडे बघितलं, मी खुर्चीवर पिशवी ठेवली. बसलो. आमच्यासमोरून अकरा जण आत जाऊन बाहेर आले. साडेदहाला ती डॉक्टर मुलगी हेल्मेट हातात घेऊन आत शिरली, आईंना बघून थांबली आणि म्हणाली, "आजी, आज कसं वाटतंय? छातीत धडधडतंय का?" हे तिनं उभ्या उभ्याच विचारलं, कॉम्प्युटर अजून चालू व्हायचा होता.

आत गेल्यावर आधी तिनं माझ्यासमोर ती मधुमेहाची नोंद काढली. मग मी तीन पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि रशीदभाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. कड, चीर, ब्लेड, धडधड. तिनं खरबरीत कडेची एक गोळी तळहातावर घेऊन खिडकीकडे धरली.

"अंदाज येतोय मला. पण अंदाजावर देणार नाही. आधी ईसीजी काढू, नाडी बघू. मग आजच सुरू करू, लिहून देते." आणि गोळी परत पिशवीत टाकताना तिनं विचारलं, "हे तुमचे डॉक्टर, कसे होते?"

मी सांगायला लागले. बाहेर पुढचा टोकन नंबर पुकारला, मग परत एकदा पुकारला. काउंटरवरच्या मुलीनं दार उघडून आत बघितलं. मी उठले नाही.